मायकेल बालिंट

मायकेल बालिंट (मूळ नाव : मिहाय बर्गस्मान, ३ डिसेंबर १८९६ – ३१ डिसेंबर १९७०) हे हंगेरीत जन्मलेले व पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले डॉक्टर आणि मनोविश्लेषक होते. सर्व तपासण्या करूनही ज्यांच्या दुखण्याचे शारीरिक कारण सापडत नाही, अशा रुग्णांना फॅमिली डॉक्टरने कसे सांभाळावे, या प्रश्नाचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. रुग्णाला मिळणाऱ्या उपचारांत स्वतः डॉक्टर हेही एक औषध असते. परंतु या औषधाची मात्रा आणि त्याचे दुष्परिणाम कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला 'द डॉक्टर, हिज पेशंट अँड द इलनेस' हा त्यांचा ग्रंथ सामान्य वैद्यकीय व्यवसायावरील महत्त्वाच्या ग्रंथांत गणला जातो. डॉक्टरांनी लहान गटात एकत्र बसून आपल्या अवघड रुग्णांविषयी मोकळेपणाने बोलण्याची जी पद्धत त्यांनी घडवली, ती 'बालिंट गट' या नावाने अनेक देशांत आजही चालू आहे.

बालपण व शिक्षण

बालिंट यांचा जन्म बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील शहरात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करीत. त्यामुळे रुग्ण, औषधे आणि घरोघरच्या दुखण्यांचे जग त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिले. पुढे त्यांनी बर्गस्मान हे आडनाव सोडून बालिंट हे हंगेरियन नाव घेतले. वडिलांना हा बदल मान्य नव्हता. त्यांनी ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती धर्मातील युनिटेरियन पंथही स्वीकारला.

बुडापेस्टमध्ये वैद्यकाचे शिक्षण सुरू असतानाच पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांना सैन्यात जावे लागले. रशियाची आघाडी व नंतर इटलीच्या सरहद्दीवरील डोलोमाइट पर्वताचा भाग येथे ते होते. अंगठ्याला जखम झाल्यावर ते परतले आणि त्यांनी शिक्षण पूर्ण केले. याच काळात आलिस सेकेली-कोवाच या तरुणीच्या सांगण्यावरून त्यांनी सिग्मंड फ्रॉइड यांचे ग्रंथ वाचले. आलिस या पुढे त्यांच्या पत्नी झाल्या व स्वतःही मनोविश्लेषक झाल्या. बुडापेस्ट विद्यापीठात १९१९ मध्ये मनोविश्लेषणाचे प्राध्यापक झालेले शांडोर फेरेन्त्सी यांच्या व्याख्यानांनाही बालिंट जाऊ लागले. डॉक्टराचे वागणे आणि त्याची भावनिक प्रतिक्रिया यांचा रुग्णावर काय परिणाम होतो, याकडे फेरेन्त्सी बारकाईने पाहत. हा संस्कार बालिंट यांच्यावर कायमचा राहिला.

बर्लिन व बुडापेस्ट

१९२० च्या सुमारास हे दांपत्य बर्लिनला गेले. तेथे बालिंट हे ओटो वारबुर्ग यांच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. वारबुर्ग यांना पुढे १९३१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दिवसाचा अर्धा वेळ बालिंट बर्लिनच्या मनोविश्लेषण संस्थेत घालवीत. जीवरसायनशास्त्रातील डॉक्टरेटही त्यांनी याच काळात मिळवली. प्रयोगशाळेतील काटेकोर निरीक्षण आणि रुग्णाचे बोलणे ऐकण्याची सवय अशा दोन्ही शिस्ती त्यांच्यात एकत्र आल्या. शरीर आणि मन यांपैकी एकाचीच बाजू घेणे त्यांनी पुढेही टाळले, त्याचे मूळ या दुहेरी शिक्षणात होते.

१९२४ मध्ये ते बुडापेस्टला परतले आणि हंगेरीतील मनोविश्लेषकांमध्ये लवकरच अग्रभागी आले. १९३३ मध्ये फेरेन्त्सी यांचे निधन झाले. त्यानंतर तेथील मनोविश्लेषण चिकित्सालयाची जबाबदारी बालिंट यांच्याकडे आली, तसेच फेरेन्त्सी यांच्या अप्रकाशित लेखनाची जपणूकही त्यांनाच करावी लागली. याच दशकात त्यांनी फॅमिली डॉक्टरांसाठी पहिला चर्चावर्ग भरवून पाहिला. परंतु हंगेरीतील तत्कालीन राजवटीत कोणत्याही सभेवर पोलिसांची नजर असे. वर्गात पोलीस खात्याचा माणूस बसून बोलणे टिपून घेऊ लागला. रुग्णांच्या खाजगी गोष्टी आणि डॉक्टरांच्या मनातील शंका अशा माणसासमोर बोलणे अशक्य होते. त्यामुळे तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. मोकळे बोलण्यासाठी आधी सुरक्षित जागा लागते, ही अट त्यांच्या नंतरच्या गटांत कटाक्षाने पाळली गेली.

इंग्लंडमध्ये स्थलांतर

ज्यू कुटुंबात जन्मलेल्या व्यक्तींना हंगेरीत राहणे दिवसेंदिवस धोक्याचे होत गेले. तेव्हा बालिंट पती-पत्नी आपला लहान मुलगा जॉन याला घेऊन १९३९ च्या आरंभी मँचेस्टर येथे स्थायिक झाले. त्यानंतर काही महिन्यांतच आलिस यांचा अचानक मृत्यू झाला. परक्या देशात, परक्या भाषेत आणि लहान मुलाला सांभाळीत बालिंट यांना नव्याने उभे राहावे लागले. इंग्लंडमध्ये व्यवसाय करता यावा म्हणून त्यांनी तेथील वैद्यकीय अर्हता पुन्हा मिळवली आणि ते मुलांच्या मार्गदर्शन चिकित्सालयात काम करू लागले. दूध पिताना प्रत्येक तान्ह्या बाळाची रीत निराळी असते, या निरीक्षणावर आधारित प्रबंध लिहून त्यांनी मानसशास्त्रातील पदवीही घेतली.

महायुद्धाच्या अखेरच्या काळात हंगेरीत राहिलेल्या त्यांच्या आईवडिलांना नाझी पकडून नेणार, हे स्पष्ट झाले. अटकेपूर्वीच दोघांनी आपले जीवन संपवले. युद्धाच्या अखेरीस बालिंट लंडनला आले आणि टॅव्हिस्टॉक क्लिनिक या संस्थेशी जोडले गेले.

टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील चर्चागट

टॅव्हिस्टॉकमध्ये गटांच्या अभ्यासाचे वातावरण होते. विल्फ्रेड बियॉन यांचे गटांवरील काम तेथेच चालू होते. १९४९ मध्ये बालिंट यांची ओळख एनिड आइखहोल्झ यांच्याशी झाली. त्या समाजकार्यकर्त्यांच्या एका गटासह विवाहित जोडप्यांच्या अडचणींवर काम करीत होत्या. कार्यकर्त्याने आपल्या हाताळणीविषयी गटात बोलायचे, आणि त्यात तो स्वतः कोठे गुंतला आहे हे सर्वांनी मिळून शोधायचे, अशी त्यांची रीत होती. बालिंट या गटाचे मार्गदर्शक झाले. पुढे दोघांनी विवाह केला, आणि डॉक्टरांच्या गटांचे काम त्यांनी बरोबरीने वाढवले.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली होती. फॅमिली डॉक्टरकडे आता कोणालाही पैसे न देता जाता येऊ लागले. डॉक्टरांच्या दवाखान्यांत मोठ्या संख्येने असे रुग्ण येत, ज्यांची डोकेदुखी, पाठदुखी, पोटातील गोळा, धाप, छातीतील धडधड किंवा सततचा थकवा कोणत्याही पाठ्यपुस्तकी आजारात बसत नव्हता. डॉक्टरांचे शिक्षण मात्र रुग्णालयांतील तज्ज्ञांच्या हाताखाली झालेले होते, आणि तेथे असे रुग्ण क्वचितच शिकवण्यासाठी निवडले जात.

१९५० मध्ये बालिंट यांनी फॅमिली डॉक्टरांसाठी साप्ताहिक चर्चागट सुरू केला. पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४ डॉक्टरांनी भाग घेतला होता. लिहून आणलेला अहवाल वाचायचा नाही, आठवेल तसे सांगायचे, असा प्रघात होता. सांगताना डॉक्टर काय विसरतो, कोठे चिडतो, कोठे घाईने पुढे जातो, हेही गटाच्या अभ्यासाचा भाग होते. गटात व्याख्याने होत नसत. डॉक्टरांवर मानसोपचार करण्याचा हेतूही नव्हता. त्यांच्या खाजगी आयुष्याची चौकशी होत नसे. रुग्णाशी वागताना ते काय करतात एवढाच विषय असे. ऐकणे हे औषध देण्याइतकेच एक कौशल्य आहे आणि ते अंगी बाणण्यासाठी डॉक्टरच्या स्वभावात थोडा परंतु खरा बदल व्हावा लागतो, असे बालिंट मानीत. त्यामुळे गट आठवड्यामागून आठवडे, काही वर्षे चालत.

कारण न सापडणारी दुखणी : बालिंट यांचे विवेचन

बालिंट यांच्या मते दुखण्याच्या आरंभी रुग्णाच्या तक्रारी विस्कळीत असतात. आज पोट, उद्या डोके, परवा झोप, अशी त्यांची मांडणी बदलत राहते. रुग्ण जणू एकेक तक्रार डॉक्टरपुढे ठेवून पाहतो. डॉक्टर ज्या तक्रारीची दखल घेतो, जिच्यासाठी तपासणी सांगतो वा औषध लिहितो, ती हळूहळू पक्की होते. म्हणजे रुग्णाचे दुखणे अखेर कोणते रूप घेईल, यात डॉक्टरचाही वाटा असतो. एकदा दुखण्याला असे ठाम रूप आले की त्यातून बाहेर पडणे दोघांनाही अवघड जाते.

अशा रुग्णाला बहुधा तपासण्यांच्या मार्गाने नेले जाते. एकेक आजार वगळत जायचे आणि शेवटी काहीच सापडले नाही की सर्व ठीक असल्याचे सांगायचे, ही ती रीत. बालिंट यांनी दाखवून दिले की या आश्वासनाने रुग्ण शांत होत नाही. त्याला दुखत असते, आणि त्या दुखण्याला नाव नसते. आपण खोटे बोलतो असे डॉक्टरला वाटते, किंवा आपला आजार इतका भयंकर आहे की तो सांगितला जात नाही, अशा दोन शंकांमध्ये तो सापडतो. म्हणून तपासणीच्या निकालाबरोबरच रुग्णाला नेमकी कशाची भीती वाटते, हे विचारणे व ऐकणे त्यांना आवश्यक वाटे.

त्यांनी वर्णन केलेला दुसरा धोका म्हणजे जबाबदारी हरवणे. फॅमिली डॉक्टर रुग्णाला एका तज्ज्ञाकडे पाठवतो, तो दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे. प्रत्येक जण आपल्या अवयवापुरते उत्तर देतो. औषध बदलावे की नाही, शस्त्रक्रिया करावी की नाही, असे मोठे निर्णय होतात. परंतु ते कोणी घेतले हे अखेर सांगता येत नाही. सगळे डॉक्टर सद्हेतूने वागत असतानाही रुग्ण निनावी व्यवस्थेच्या हाती पडतो. यावर बालिंट यांचा उपाय साधा होता. तज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे, परंतु रुग्णाची जबाबदारी एका डॉक्टरने शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवावी.

तिसरी गोष्ट डॉक्टरच्या स्वतःच्या समजुतींची. रुग्णाने कसे वागावे, किती सहन करावे, कोणती तक्रार करणे योग्य आणि कोणती नाही, याविषयी प्रत्येक डॉक्टरच्या मनात ठाम कल्पना असतात. एखाद्या धर्मप्रचारकाच्या निष्ठेने तो रुग्णांना त्या कल्पनांकडे वळवू पाहतो, आणि हे करताना त्याला त्याची जाणीवही नसते. गटातील सहकाऱ्यांमुळे ही जाणीव होते, असा अनुभव आला.

उपचाराच्या बाजूने त्यांनी काही व्यवहार्य मार्ग सुचवले. शारीरिक तपासणी टाळू नये, मात्र ती किती करायची याची मर्यादा असावी. एखाद्या दिवशी रुग्णाला सवडीने बोलावून त्याला आपली कहाणी स्वतःच्या क्रमाने सांगू द्यावी. प्रश्नांमागून प्रश्न विचारले तर उत्तरांखेरीज काही हाती येत नाही, हे ध्यानात ठेवावे. दुखणे कोणत्या अवयवात आहे यासोबत ते या माणसाच्या आयुष्यात याच वेळी का आले, याचाही विचार करावा. या व्यापक निदानाला ते सखोल निदान म्हणत. फॅमिली डॉक्टरला या कामी एक मोठी सोय असते. तो रुग्णाला वर्षानुवर्षे ओळखतो, त्याच्या घरातील बाळंतपणे व मृत्यू त्याने पाहिलेले असतात. आजच्या भेटीत जे उमगले नाही ते पुढच्या भेटीत उमगू शकते. ही साठत जाणारी ओळख बालिंट यांनी दोघांच्या सामाईक ठेवीप्रमाणे मानली.

पुढील अभ्यास

१९६१ मध्ये टॅव्हिस्टॉकमधून निवृत्त झाल्यावर बालिंट यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसोबत काम केले. डॉक्टरांच्या एका गटाने रुग्णांना न तपासता पुन्हा पुन्हा लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांच्या चिठ्ठ्यांचा अभ्यास केला. त्यावरील ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा अनेक रुग्णांच्या बाबतीत गोळीचा रासायनिक परिणाम गौण असतो. डॉक्टरशी असलेला धागा तुटू नये, परंतु फार जवळही यावे लागू नये, यासाठी ती चिठ्ठी उपयोगी पडते, असे त्यात दिसून आले.

सवडीच्या लांब भेटी गजबजलेल्या दवाखान्यात परवडत नाहीत, हा आक्षेप बालिंट यांनी गांभीर्याने घेतला. अखेरच्या वर्षांत त्यांनी व एनिड यांनी नेहमीच्या काही मिनिटांच्या भेटीतच काय साधता येईल, याचा शोध सुरू केला. हे काम त्यांच्या मृत्यूनंतर १९७३ मध्ये 'सिक्स मिनिट्स फॉर द पेशंट' या नावाने पुस्तकरूपात आले. आजाराऐवजी रुग्णाला केंद्रस्थानी ठेवणारे वैद्यक ही कल्पना एनिड बालिंट यांनी १९६९ मध्ये एका लेखात मांडली. पुढे ती वैद्यकीय शिक्षणात सर्वत्र रूढ झाली.

मनोविश्लेषणाच्या क्षेत्रातही बालिंट यांचे स्वतंत्र योगदान आहे. 'द बेसिक फॉल्ट' (१९६८) या ग्रंथात त्यांनी बाल्यावस्थेच्या अगदी आरंभी माता व मूल यांच्या नात्यात राहिलेल्या उणिवेचे पुढील आयुष्यावर होणारे परिणाम विशद केले. १९६८ मध्ये ते ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेचे अध्यक्ष झाले. ३१ डिसेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

टीका व मर्यादा

बालिंट यांचे निष्कर्ष थोड्या आणि स्वेच्छेने आलेल्या डॉक्टरांच्या अनुभवावर आधारलेले होते. उपचार घेतलेल्या व न घेतलेल्या रुग्णांची तुलना त्यांत नव्हती. त्यांची भाषा मनोविश्लेषणाची असल्याने अनेक डॉक्टरांना ती परकी वाटली. अवघड कौटुंबिक वा आर्थिक परिस्थितीपेक्षा आंतरिक संघर्षावर त्यांचा अधिक भर आहे, असेही म्हटले गेले.

याहून गंभीर प्रश्न चुकीच्या निदानाचा आहे. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी १९६५ मध्ये उन्मादाचे, म्हणजे हिस्टेरियाचे, निदान झालेल्या रुग्णांचा पुढील वर्षांतील आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील बऱ्याच जणांना पुढे मेंदूचा वा अन्य शारीरिक आजार असल्याचे उघड झाले होते. कारण सापडले नाही म्हणजे दुखणे मानसिकच, असा निष्कर्ष घाईने काढणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. नंतरच्या काळात तपासणीची साधने सुधारली आणि अशा चुकांचे प्रमाण बरेच घटले, तरी सावधगिरीची गरज उरतेच. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात लक्षणांचे कारण न सापडणे ही प्रमुख कसोटी काढून टाकण्यात आली. त्या लक्षणांमुळे रुग्णाच्या विचारांवर, भावनांवर व दैनंदिन जीवनावर किती ताण येतो, याला महत्त्व देण्यात आले. डॉक्टरने रुग्णाशी संबंध टिकवून वेळोवेळी नव्याने पाहत राहावे, ही बालिंट यांची शिकवण या दोन्ही धोक्यांपासून काही प्रमाणात संरक्षण देते. कारण ओळखीचा डॉक्टर लक्षणांतील बदल लवकर टिपू शकतो.

भारतीय व मराठी संदर्भ

बालिंट यांनी वर्णन केलेले रुग्ण भारतीय दवाखान्यांतही परिचित आहेत. मानसिक ताण शरीराच्या भाषेत सांगण्याची रीत येथे जुनी आहे. मराठीत जीव घाबरणे, पोटात गोळा येणे, अंगात कसकस, हातापायांची आग, डोके भणभणणे अशा शब्दप्रयोगांत शरीर व मन वेगळे काढता येत नाहीत. धातू जाण्याच्या भीतीने थकवा व अंगदुखी सांगणाऱ्या तरुण पुरुषांचे वर्णन मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० मध्ये 'धात' या संज्ञेखाली केले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात एन. एस. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात पातंजल योगाच्या आधारे मानसिक विकारांवर उपचार करून पाहिले. या कामात लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेशी संबंधित डॉ. एस. एल. विनेकर यांचा सहभाग होता.

वाईसारख्या तालुक्याच्या गावातील रुग्ण प्रथम गावातल्या डॉक्टरकडे येतो. तेथे गुण आला नाही तर साताऱ्याला, मग मिरजेला किंवा पुण्याला जातो. प्रत्येक ठिकाणी नव्याने तपासण्या होतात आणि फाईल जाड होत जाते. काही कुटुंबे सलाईन व इंजेक्शनांवर पैसे खर्च करतात, काही बाहेरचे बघण्यासाठी देवऋषीकडे जातात. देवऋषी निदान करतो ते खोटे असले तरी तो दुखण्याला नाव देतो आणि घरच्यांसमोर रुग्णाचे म्हणणे ऐकतो. डॉक्टरकडून केवळ काही नाही एवढेच ऐकलेल्या माणसाला त्याचा आधार का वाटतो, हे बालिंट यांच्या विवेचनातून समजते. रुग्णाला दुखते आहे हे मान्य करणे, भीती विचारणे, सोप्या भाषेत शरीर व ताण यांचा संबंध समजावणे, पुढच्या भेटीची तारीख ठरवून देणे आणि सर्व कागद एका डॉक्टरने एकत्र पाहणे, या गोष्टींना यंत्रसामग्री लागत नाही.

वारसा

ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये बालिंट सोसायटीची स्थापना झाली. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय बालिंट महासंघ अस्तित्वात आला. जर्मनीत बालिंट गटातील सहभाग हा डॉक्टरांच्या मनोकायिक प्रशिक्षणाचा भाग आहे. अमेरिकेत फॅमिली मेडिसिनच्या अनेक निवासी अभ्यासक्रमांत असे गट चालतात. ब्रिटनमधील सामान्य वैद्यकीय व्यवसायाच्या प्रशिक्षणावरही बालिंट यांच्या विचारांचा ठसा आहे. एनिड बालिंट यांनी १९९४ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत हे कार्य चालू ठेवले. बालिंट यांचे पुत्र जॉन हेही डॉक्टर झाले.